नमुना ऐका

आमच्या जुन्या लॅपटॉपवर भाचीने नवी सिस्टिम घालून दिली, तेव्हा मी तिला पहिला प्रश्न विचारला तो हा, की ही फुकट का? मी आयुष्यभर विजेचे मीटर तपासायच्या प्रयोगशाळेत काम केलं. समोर आलेला प्रत्येक मीटर खोटं बोलतोय असं धरून चालायचं आणि तो खरा निघालाच तर शिक्का मारायचा, ही तिथली रीत. निवृत्त झाले तरी सवय काही गेली नाही. भाची हसली. जगभरातले लोक हौसेने हे लिहितात, सगळ्यांसाठी ठेवतात, आणि कुणालाही आत डोकावून बघता येतं, असं तिने समजावलं. तुला तर हे आवडायलाच हवं मावशी, असंही वर म्हणाली.

मला आवडलं नव्हतं, पण गरज होती. ह्यांच्या घशात गाठ निघाली होती, अगदी आवाजाच्या पेटीला चिकटून. डॉक्टर स्पष्ट बोलणारे होते. आधी जीव बघू, मग आवाज, म्हणाले. जिवाबद्दलही छातीठोकपणे बोलले नाहीत. हे बस डेपोत उद्घोषक होते. काचेच्या खोलीत बसून गाड्या पुकारायच्या, हे काम त्यांनी नोकरीभर केलं. मी तेव्हा रोज त्या डेपोवरून कामाला जायची. माणूस पाहिला नव्हता तेव्हापासून मी त्या आवाजाला ओळखत होते, आणि आता तोच जायची भीती होती. हे मात्र थट्टा करत. "आता घरात तुझंच राज्य, कोण उलटून बोलणार?" असं म्हणत आणि खोकत.

टाइप केलेलं मोठ्याने बोलून दाखवणारा एक प्रोग्राम असतो. तो ऑपरेशनच्या आधीच शिकून ठेवा, असं भाचीने सुचवलं. सिस्टिम घालून ती आपल्या गावी परतली. पुढचं काम तिने मुद्दाम माझ्यावर सोडलं.

मी माझ्या जुन्या सवयीप्रमाणे सुरुवात केली. इंटरनेटवर शोधलं, मिळालं ते उतरवून घेतलं, त्यावर दोनदा टिचकी मारली. ढिम्म काही झालं नाही. भाचीला फोन केला तर ती म्हणाली, इथे बाहेरून काही आणायचं नसतं. सिस्टिमचं स्वतःचं भांडार असतं. आपण नाव सांगायचं, ती आणून बसवते. मग तिने पडद्यावर एक काळी खिडकी उघडायला लावली आणि त्यात टाइप करायला एक ओळ सांगितली. पासवर्ड टाइप करताना पडद्यावर एक टिंबसुद्धा उमटेना. कीबोर्ड गेला असं समजून मी तो उचलून झटकला, पुन्हा बडवला.

"मावशी, दिसत नाही, पण लागतंय," भाची म्हणाली. "विश्वास ठेव."

हे मला सांगत होती, मला.

पासवर्ड लागला. मग पडद्यावर नावांची मोठी रांग आली. हे बसवायचं तर सोबत हेही लागेल, चालू ठेवायचं का, असा प्रश्न. मी एकच वस्तू मागितली होती. भाची म्हणाली, तसंच असतं. एकाला जेवायला बोलवावं आणि त्याने सगळं घर घेऊन यावं, तसं. एकाचं दुसऱ्यावाचून चालत नाही म्हणून ते बरोबर येतात. वाचत बसू नकोस, एंटर मार. सगळेच मारतात. मी जन्मात कधी न वाचता सही केली नव्हती. त्या दुपारी एंटर मारलं.

प्रोग्राम बसला. एका कोपऱ्यात 'आवाज' असं लिहिलं होतं. त्याखाली 'पुरुष, मराठी' आणि एक बटण, 'नमुना ऐका'. मी ते दाबलं.

"फलाट चारवर उभी असलेली गाडी थोड्याच वेळात सुटेल. प्रवाशांनी घाई करू नये."

मी बसल्या जागी ताठ झाले. आवाज ह्यांचा होता. आजचा नव्हे, आमची ओळख व्हायच्या आधीचा. कोवळा, जरा घाईने चढणारा. शेवटचं वाक्य डेपोच्या छापील मजकुरात नव्हतं, ते ह्यांनी आपल्या पदरचं घातलं होतं आणि त्यावरून साहेबाची बोलणीही खाल्ली होती. मी ह्यांना बोलावून ऐकवलं. त्यांनी मान तिरकी करून ऐकलं आणि विचारलं, "कोण हा? बरा बोलतो. जरा नाकात बोलतो." स्वतःचा आवाज माणसाला ओळखू येत नाही, हे मला माहीत होतं.

माझ्याकडे उत्तर तयार होतं. डेपोत तेव्हा कुणीतरी टेप केलं असेल. लोक हौसेने देतात म्हणे, तसं तेही कुणी दिलं असेल. योगायोग मोठा होता, पण मोठे योगायोग मी मीटरच्या बाबतीतही पाहिले होते. मनातल्या मनात मी त्यावर शिक्का मारला.

काही दिवसांनी सिस्टिमने कळवलं, त्या आवाजाची नवी आवृत्ती आली आहे. बसवायची का? बसवली. नमुना ऐकला. आवाज आता भरलेला होता, चाळिशीतल्या माणसाचा.

"तू बस. मी सगळ्यांना कळवतो."

माझी आई गेली तेव्हा ह्यांनी आमच्या स्वयंपाकघरात हे म्हटलं होतं. फोन माझ्याच हातातून काढून घेत म्हटलं होतं. घरात आम्ही दोघंच होतो, आणि टेप करायचं कुठलंही यंत्र नव्हतं.

मी भाचीला फोन केला. आवाजाचं काही बोलले नाही, फक्त विचारलं की हा आवाज कोण तयार करतं ते कुठे कळेल. तिने सांगितलं, प्रत्येक वस्तूमागे सांभाळणारा एक माणूस असतो आणि त्याचं नाव दिलेलं असतंच. तिने ओळ सांगितली, मी टाइप केली. 'सांभाळणारा' या शब्दापुढे कोरी जागा होती. कोरं असूच शकत नाही, ती म्हणाली. मग तिने आपल्याकडे शोधलं. बराच वेळ नुसता कीबोर्डचा आवाज येत राहिला.

"मावशी, भांडारात असा आवाजच नाहीये. तू कुठून आणलास?"

"तू सांगितलंस तिथूनच."

ती म्हणाली की सवडीने बघू, आधी ऑपरेशन पार पडू दे. मलाही तेच हवं होतं. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती, आणि तरी रोज दुपारी हे झोपले की मी लॅपटॉप उघडत होते. केस पांढरे होताना आपण बघतो, पाठ वाकताना बघतो. आवाज कधी म्हातारा होतो ते कळत नाही, कारण तो रोज कानावर असतो. मला आता ते एकेक पायरीने ऐकायला मिळत होतं. नवी आवृत्ती आली, की आवाज आणखी काही वर्षांनी पुढे गेलेला असे. शेवटी तो आजच्यापाशी येऊन पोहोचला. घोगरा, मधेच फाटणारा.

"घरी गेल्यावर कुणाला फोन करू नकोस. आज आपण दोघंच."

हे त्यांनी डॉक्टरांकडून परतताना जिन्यात म्हटलं होतं, त्याच महिन्यात.

हॉस्पिटलात दाखल व्हायच्या आदल्या दुपारी मी बॅग भरत होते. लॅपटॉप टेबलावर उघडाच होता. पडद्यावर सूचना आली. नवी आवृत्ती.

मी हातातला टॉवेल खाली ठेवला. हिशोब साधा होता. ही आवृत्ती ऑपरेशनच्या पलीकडची असणार. नमुन्यात काहीच ऐकू आलं नाही, तर आवाज गेला, किंवा माणूसच. ऐकू आलं, तर? बटण न दाबता हॉस्पिटलात जाता आलं असतं. पण तपासायचं सोडून द्यायचं हे माझ्या हाडात नाही. पडद्यावर पुन्हा ती नावांची रांग आली. माझे डोळे भरले होते, मला एक अक्षर दिसत नव्हतं. एंटर मारलं. मग नमुना.

आधी नुसता श्वास. मग:

"थोडं ऊन येऊ दे. नाही, एवढं नको. हां, बास."

म्हाताऱ्या माणसाचा आवाज होता, पार झिजलेला. पुढचे दात नसल्यासारखा 'स' घरंगळत होता. पण ह्यांचाच. हे जगणार होते, बोलणार होते, खूप म्हातारे होणार होते, आणि तेव्हाही खिडकीच्या पडद्यावरून कटकट करणार होते. पडदा सारायला तिथे मीच उभी असेन, असं मी धरून चालले. बॅगेवर डोकं टेकून मी हमसून हमसून रडले. हे दारात येऊन उभे राहिले, घाबरून. मी म्हटलं, काही नाही हो, सगळं नीट होणार आहे. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की हिला कुणी सांगितलं.

सगळं नीट झालं. गाठ पूर्ण निघाली. आवाज वाचला, धाग्यासारखा बारीक, पण वाचला. डॉक्टर स्वतःवरच खूश होते. घरी सोडताना त्यांनी एकच बजावलं: टाके सुकेपर्यंत मोठ्याने बोलायचं नाही. एकदा जरी जोर लावून हाक मारलीत, तरी आहे तेवढा आवाज जाईल.

घरी आल्यावर ह्यांना आतल्या खोलीत झोपवलं. हॉस्पिटलच्या एसीने मला सकाळपासून सर्दी झाली होती, नाक गच्च होतं. टेबलाशी बसले. प्रोग्रामची आता गरज नव्हती, आणि ते सगळं घरात नको, असं मी ठरवलं होतं. काढून टाकायची ओळ भाचीने पूर्वीच शिकवली होती.

सिस्टिमने विचारलं, याच्यासोबत आलेली दुसरी वस्तूही काढायची का? मागच्या आवृत्तीबरोबर ती बसवली होती.

मी न वाचता एंटर मारलं होतं.

'स्त्री, मराठी.'

काहीही न काढता मी आवाजांची जागा उघडली. ह्यांच्या आवाजाखाली तो होता. बटण दाबलं.

"आले हं. पडून राहा तुम्ही, आले."

माझा आवाज होता. नाक गच्च असलेला. हे वाक्य मी आज म्हटलं नव्हतं. निदान अजून तरी नाही.

स्वतःचा आवाज माणसाला ओळखू येत नाही. मला आला.

पुढचं काम सवयीने झालं. ह्यांच्या आवाजाला आणखी नव्या आवृत्त्या आहेत का, विचारलं. होत्या, एकाखाली एक. मग माझ्या आवाजाचं विचारलं.

'सर्वात नवी आवृत्ती आधीच बसवलेली आहे.'

मी पुन्हा विचारलं. तेच उत्तर आलं. तिसऱ्यांदाही तेच. ह्यांच्यापुढे रांग होती, माझ्या त्या एका वाक्यापुढे काहीच नव्हतं. प्रयोगशाळेत आम्ही तीनदाच तपासायचो.

आतून ह्यांनी हाक मारली. "अगं." बारीक, जपून.

माझं तोंड उघडलं होतं. तेच वाक्य जिभेवर आलं होतं. मी तोंडावर हात दाबून धरला आणि उठायला गेले, पण पायांत बळच नव्हतं.

"अगं, आहेस ना?" या वेळी जरा मोठ्याने.

मग खाटेची करकर ऐकू आली. ते उशीवरून उठून बसत होते, आणि पुन्हा हाक मारण्यासाठी त्यांनी खोल श्वास घेतला.