हातउसनी पोत

ज्याला हे खोटं वाटेल, त्याने खुशाल वाटून घ्यावं. ही हकीकत गेल्या वैशाखातली, चाळीसगाव तालुक्यातल्या एका खेड्यातली, आणि भर दुपारची. घडली ती माझ्या मावसभावाच्या, कौतिकच्या ओट्यावर.

कौतिकने मित्राला, गिरधरला, बोअरसाठी बायकोची सोन्याची पोत हातउसनी दिली होती. कागद नाही, साक्षीदार नाही. गिरधरने ती गहाण टाकली. बोअरला पाणी लागलं... आणि मोटार सुरू करताना शॉक लागून गिरधर गेला.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. शेवटी कौतिक पुढे झाला.

"गिरधर, पोत सोडी दिधी मी. तू मोकळा शे!"

गावाने त्याच्या औदार्याचे गोडवे गायले.

खाली उतरू पाहणारा कावळा मात्र उडाला... परतलाच नाही.

दुसऱ्या दुपारी ओट्यावर काहीतरी टेकल्याचा आवाज झाला.

गिरधरच्या घरचा हंडा. लख्ख घासलेला.

कौतिकने तो पोहोचवला. गिरधरची बायको सुनंदाबाई चक्रावली. "भाऊ, दारले तं मधून कडी व्हती!"

पुढे समई आली. मग तिचं शिलाई मशीन... ताजं तेल घातलेलं.

ते तेल पाहून कौतिकला आठवलं. गिरधर उसना पानासुद्धा पुसून, तेल लावूनच परत करायचा.

चौथ्या दुपारी... छुम... छुम...

ओट्यावर गिरधरची तीन वर्षांची ईश्वरी उभी होती. तोंड धुतलेलं. केसांना ताजं तेल.

एक हात वर... कुणाचं तरी बोट धरल्यासारखा.

"कोनासंगे उनी, बेटा?"

"बाबासंगे. तो म्हने, आते आठेच ऱ्हाय."

आता इथेच राहा... म्हणजे पोतीच्या बदल्यात गिरधरने पोरच आणून दिली होती.

कौतिकने तिला कडेवर घेतलं, तडक गिरधरच्या दारात गेला आणि भर गल्लीत ओरडला,

"गिरधर! सोडी नई मी! मन्ही पोत माले परत पाहिजे! कापूस निंघना का दे, पन दे!"

ज्या तोंडांनी त्याला देवमाणूस ठरवलं होतं, त्याच तोंडांनी कसाई म्हटलं. सुनंदाबाईने मुलगी हिसकून घेतली, दार लावलं.

त्यानंतर ओट्यावर काहीच आलं नाही.

दिवाळीत तिने कापसाचे पैसे आणले. ओट्यावर टाकले, थुंकली, गेली.

पोरीसाठीच पोत मागितली हे तिला खरं सांगावं, तर ती पुन्हा माफीच ठरेल, आणि गिरधर पुन्हा फेडायला येईल. कौतिकने पैसे उचलले...

मागे कुणीतरी सुटकेचा श्वास सोडला.

वळून पाहिलं. कुणी नव्हतं.

ईश्वरी मात्र त्या ओट्यावरून जाताना अजूनही एक हात वर धरून चालते.