कानपिळीचा ठोसा

अभयकळ आल्यापासून गुंडांवर उपासमारीची वेळ आली होती. कानामागे रुजवलेला हा तांदळाएवढा यंत्रकण माणसाला भीतीने थिजू देत नसे. कोणी अंगावर आलं की विचार करायच्या आतच हात चालत. एका निवृत्त ग्रंथपालबाईंनी साखळीचोराचे दोन दात पाडले आणि मग त्याला पाणीही त्यांनीच पाजलं.

अशा सुखाच्या दिवसांत निरंजन आणि ऋजुता बोहल्यावर चढले. होमापाशी कानपिळी आली. नवरीच्या भावाने नवऱ्याचा कान पिळायचा, बहिणीला नीट सांभाळ म्हणून दटावायचं आणि मानाचा शेला घ्यायचा. ऋजुताचा भाऊ श्रीरंग याने हौसेने मागून येऊन निरंजनचा कान पिळला. पुढच्याच क्षणी तो आडवा झाला. पडता पडता त्याच्याही कळेने हात चालवला, तो लागला गुरुजींना.

निरंजन स्वतःच्या मुठीकडे बघत राहिला. "मी नाही हो मारलं!" तो रडवेला झाला.

ऋजुताचे वडील भाऊसाहेब खवळले. "हा माझ्या मुलीला सांभाळणार? मोडा हे लग्न!"

"थांबा भाऊजी," नवरीची मावशी पुढे आली. डॉ. यामिनी हर्षे, अभयकळ शोधणाऱ्या त्याच. "चूक त्याची नाही, माझी आहे. मेंदूत बदामाएवढं भयकेंद्र असतं. हल्ला झाला की तिथून थेट अंगाला हुकूम सुटतो. छाती धडधडते आणि माणूस क्षणभर थिजतो. आम्हाला तो भित्रेपणा वाटला. आम्ही तो क्षणच काढून टाकला."

"मग बिघडलं काय?"

"त्याच क्षणात मेंदू समोरच्याचं तोंड बघून घेतो. चोर आहे की मेव्हणा, ते तेव्हा ठरतं."

"मग काढा ती कळ!"

"ती मज्जातंतूंत रुजते, भाऊजी. आता निघत नाही."

मांडवात सगळ्यांचे हात आपापल्या कानामागे गेले.

श्रीरंग सुजलेल्या ओठांनी म्हणाला, "बाबा, लावा लग्न. शेले मात्र मी दोन घेणार."

ऋजुता हसली. "मीही माफ केलंय त्याला," ती म्हणाली, आणि ते अगदी मनापासून होतं. भाऊसाहेब विरघळले. गुरुजींनी नाकाला रुमाल लावून सप्तपदीचे मंत्र सुरू केले.

मावशींना मात्र घाम फुटला. भावावरचा ठोसा पाहून ऋजुताच्या भयकेंद्राने निरंजनला हल्लेखोर ठरवलं होतं, आणि भयकेंद्राला माफी कळत नाही.

निरंजनने तिचा हात धरायला हात पुढे केला. ऋजुता त्याच्याकडे प्रेमाने बघत होती. तिची मूठ केव्हाच वळली होती. तिला ते ठाऊक नव्हतं.