सांदीतली तिसरी

हे मी कोणाकडून ऐकलेलं नाही. माझ्या हातानं घडलं आहे, म्हणून लिहितो. खोटं वाटत असेल तर दारव्ह्याला जा. किसनरावांचं घर विचारा. आणि घराच्या पश्चिमेकडच्या सांदीत भर दुपारी एकटे उभे राहून दाखवा.

रात्र-बित्र काही नव्हती. १० ऑक्टोबर २०२५, शुक्रवार. दुपारचे दोन.

मी वणीला कोळशाच्या ट्रकांचं वेल्डिंग करतो. भुताच्या गोष्टी सांगणाऱ्यांच्या तोंडावर हसणारा माणूस आहे मी. होतो.

किसनराव माझे जावई. बहिणीचे, कोकिळाचे, नवरे. त्यांची पहिली बायको वावरात साप चावून गेली. दुसरी काविळीनं. तिसरं लग्न म्हटलं की भटजी मान हलवतो. तिसरी टिकत नाही म्हणतात. मग त्यावर तोडही त्यांच्याचकडे असते. आधी रुईच्या झाडाशी लग्न लावायचं, मग झाड तोडायचं. तिसरी मेली. खरी नवरी झाली चौथी. तिला धोका नाही.

घराची भिंत आणि कंपाउंड, मध्ये साडेतीन फुटांची सांदी. पलीकडचं टोक बंद. तिथंच रुईचं झुडूप उगवलेलं होतं. फेब्रुवारीत त्याच्यासमोर अंतरपाट धरला. हळद लावली. पिवळा दोरा गुंडाळला. पानांना कुंकू, खोडाला काळी पोत. मंगलाष्टकं म्हटली.

दुसऱ्या दिवशी विळा माझ्या हातात दिला.

"तुह्या बहिणीसाठीच हाये, तूच तोड," किसनरावांची आई हंसाबाई म्हणाली.

मी तोडलं. पांढरा चीक कोपरापर्यंत उडाला. हात धुतले आणि कोकिळाच्या लग्नाची जिलेबी खाल्ली. आज राग येतो तो आधी माझाच येतो.

ऑक्टोबरात कोकिळाचा फोन आला.

"दादा, सैपाकघराची भिंत इतकी तापते का हात ठेवला तं पोळते. सांदीत एखादं लहानसं झाड लावून दे ना."

नर्सरीवाल्याला जागा सांगितली. तो म्हणाला, "शेवगा नका लावू, वाऱ्यानं मोडते. जांभूळ तं भिंतच फोडीन. लिंबाच्या काट्यानं जाता-येता अंग फाटन. कढीपत्ता न्या. सरळ वर जाते, भिंतीले तरास नाही."

कंबरेएवढं रोप घेतलं.

किसनराव सोयाबीन काढायला वावरात गेले होते. हंसाबाई ओट्यावर बसली होती. रोप पाहून म्हणाली, "तिथं काही लावू नका."

"काहून, मावशी? तुमची सून हाये का तिथं?" मी म्हणालो.

ती हसली नाही.

मी सब्बल घेऊन आत शिरलो. सब्बल आडवी धरली तर दोन्ही भिंतींना लागत होती. रस्त्यावर मळणीयंत्राचा आवाज चालू होता. सांदीत पाऊल टाकलं...

आणि आवाज बंद.

एकदम. कानात बोळे घातल्यासारखा.

खड्डा करताना रुईचं जुनं मूळ लागलं. आठ महिने झाले होते. वाळून काडी व्हायला पाहिजे होतं. सब्बल लागली आणि चीक आला. ताजा.

तेवढ्यात मागून... बांगड्या वाजल्या.

काचेच्या. अगदी पाठीशी.

मागे बंद टोकाची भिंत होती. कोकिळा माझ्या समोर, सांदीच्या तोंडाशी, दोन्ही हातांत पाण्याची बादली धरून उभी होती.

"बांगड्या वाजवल्या का तू?"

"बादली धरून? काहीतरीच तुहं."

मी घाईनं रोप लावलं. माती दाबली. सवयीनं एक पान तोडून नाकाशी धरलं.

वास नाही.

तुटलेल्या देठातून एक थेंब आला... पांढरा.

कढीपत्त्याला चीक नसतो. माझ्या आयुष्यात मी पाहिला नाही. तुम्हीही पाहिला नसेल.

कोकिळाला काही सांगितलं नाही. वणीला निघून आलो.

आठ दिवसांनी तिचा फोन. आवाज बारीक झालेला.

"दादा, झाडाले पिवळा दोरा तू गुंडाळला होता का?"

"नाही."

"मीनं काल सोडून फेकला. आज पुन्हा हाये."

पुढे ती जे बोलली, ते ऐकून मी वेल्डिंग बंद केलं.

त्यांच्या देवघरात बोटभर चांदीच्या पत्र्यावर कोरलेले दोन टाक आहेत. पहिली आणि दुसरी. बायको मेली की तिचा टाक करतात, आणि जिवंत असलेली बायको रोज त्याला कुंकू लावते. सवत शांत राहते म्हणे.

"त्या दोघींले रोज कुंकू लागते, दादा. तिचं बी लगन झालं होतं. तिले कोणीच पुसत नाही."

"झाडाचा टाक कोण करते, पागल?"

"तिले बायको म्हणून मारलं. मंग टाक काहून नाही?"

तिनं चार दिवसांपासून नीट खाल्लं नव्हतं. अंगाला भाजीचा, तेलाचा वासच येत नाही, नुसता हळदीचा येतो, असंही म्हणाली. मी ठरवलं, टाक तर टाक. चांदीच्या चार ग्रॅमनं बहीण जेवत असेल तर करून देऊ.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दारव्ह्याला, त्यांच्या नेहमीच्या सोनाराकडे गेलो. किसनरावांचं नाव सांगितलं. त्यानं खणातून पुडी काढली.

"तयार हायेत ना. दोन्ही."

"कोणी करायले सांगितले?"

"वहिनीच येऊन गेल्या परवा दुपारी. हिरवं लुगडं, अंगाले हळद. मले वाटलं घरी काही कार्य हाये. हाताले काय लागलं होतं कोण जाणे, काचेवरचा डाग अजून निघत नाही."

काउंटरच्या काचेवर पाच बोटं होती. पांढरी, चिकट.

परवा दुपारी कोकिळा घरातच होती. हंसाबाईनंच नंतर सांगितलं.

मी पुडी उघडली. एका टाकावर रुईचं पान कोरलेलं. दुसऱ्यावर बाई. डोक्यावर पदर, हात जोडलेले. पण तोंडाच्या जागी नुसती गुळगुळीत चांदी.

"हा दुसरा कायले?"

"एक तिसरीचा, एक चौथीचा म्हणे. चौथीचं तोंड कोरं ठेवा... मंग भरू."

चौथी माझी बहीण आहे. हिशेब त्यांनीच केला होता, तिला वाचवायला.

मी सरळ घरी गेलो. पानाचा टाक हंसाबाईच्या हातात ठेवला. "तुमची सून हाये. तुम्हीच लावा कुंकू."

कोकिळाला घेऊन निघालो तर किसनराव आडवे आले. "लोकं काय म्हणतीन?"

"लोकाईले सांगा, आमच्या घरी बायका टिकत नाही."

कोकिळाला त्याच दिवशी वणीला आणलं. आता ती जेवते. हसते. शेजारणींशी भांडतेसुद्धा. कढीपत्ता छपराच्या वर गेलाय, असं हंसाबाईनं फोनवर सांगितलं. एवढ्याशा दिवसांत. त्या घरात त्याचं पान कोणी भाजीत टाकत नाही.

चौथा टाक माझ्याकडे आहे. कोकिळाला माहीत नाही. गॅसकटरनं वितळवायला दोनदा घेतला. दोन्ही वेळा हात पुढे गेला नाही. टाक जळाला तर काय जळेल, हे मला कोणी सांगू शकत नाही. म्हणून दुकानातल्या लोखंडी पेटीत ठेवला. कुलूप माझं, किल्ली माझ्या कमरेला.

रोज सकाळी उघडून बघतो. तोंड कोरं आहे ना, एवढंच.

आजही बघितलं. कोरंच आहे.

फक्त कपाळाच्या जागी... कुणीतरी कुंकू लावलंय.

ओलं होतं.