तीन गिऱ्हाइकं, तीन खोडी

"पुन्हा विक्री रद्द!" चष्मिस किंचाळली, तशी आत्या मैद्याने भरलेले हात तसेच घेऊन मोबाइलकडे धावली.

आत्याची बेकरी होती. जुन्या भट्टीने मान टाकली होती आणि जुनी व्हॅन विकल्याशिवाय नवी भट्टी येणार नव्हती. भट्टीवाला शुक्रवारपर्यंतच थांबणार होता. नाहीतर बेकरीला कुलूप! ऑनलाइन लिलावात दोनदा झकास बोली लागली आणि दोन्ही वेळा जिंकणारा गायब झाला. वर दर वेळी तासाभरात त्याच एका दलालाचा फोन, "पडलेल्या लिलावाची गाडी कोण घेणार, ताई? निम्म्यात देऊन टाका."

"याला बरा लगेच वास लागतो!" चष्मिस म्हणाली.

लिलाव कंपनीच्या साहेबांना सांगितलं, तर ते जांभई देत म्हणाले, "असं होतंच. सुट्टी आहे ना? खेळा जा!"

चष्मिसचं डोकंच फिरलं. तिसऱ्या लिलावाआधी तीन गिऱ्हाइकांनी खासगी निरोपात विचारलं, 'गाडीत काही खोड?' तेव्हा ती चुलतभावाला म्हणाली, "बडबड्या, प्रत्येकाला वेगळी खोड सांगायची."

"थापा?" बडबड्या खूश झाला.

"थापाबिपा चालणार नाहीत हं!" आत्याने दटावलं.

"थापा कशाला?" चष्मिस म्हणाली. "तुझ्या गाडीत खोडींना काय तोटा! सौदा करताना सगळ्या सांगूच की."

मग पहिल्याला रेडिओची खरखर कळवली, दुसऱ्याला वायपरची कुरकुर, आणि तिसऱ्याला मागचं दार.

गुरुवारी दुपारी तिसरा जिंकला आणि पसार झाला. फोन वाजला! बडबड्याने स्पीकर लावून रेकॉर्डिंग सुरू केलं.

"ताई, किती ताणणार? मागचं दार गुडघा मारल्याशिवाय लागत नाही, अशी गाडी..."

"काका," चष्मिसने मध्येच विचारलं, "तुम्ही आमची गाडी पाहिलीत कधी?"

फोन कट!

"दाराचं फक्त तिसऱ्याला माहीत होतं!" बडबड्याने उडीच मारली.

रेकॉर्डिंग ऐकल्यावर साहेबांची जांभई अर्ध्यातच अडकली. त्यांनी खाती उघडून पाहिली. जिंकून पळालेली तिन्ही नावं वेगळी, पण फोन नंबर एकच, दलालाचा! साहेबांनी तिथल्या तिथे त्याची खाती बंद केली आणि खालोखाल बोली लावणाऱ्या फुलवाल्या बाईंना बोलावलं. त्यांनी सगळ्या खोडी ऐकल्या, हसल्या आणि व्हॅन घेऊन गेल्या.

"जे मी पाहायचं, ते या पोरांनी पाहिलं," साहेब खाली मान घालून म्हणाले. "शाबास रे!"

शुक्रवारी नवी भट्टी पेटली. पहिला घाणा पार करपला, तरी सगळ्यांनी हाणला. आत्याने चष्मिसला जवळ ओढलं. "काल फोन वाजला ना, तेव्हा मी 'हो' म्हणणार होते गं. हरलेच होते मी."

चष्मिस आत्याला घट्ट बिलगली.