ओळख पटवणारा कागद

हवालदारांनी फोटो नेमका आईच्या तसबिरीशेजारीच ठेवला आणि सृष्टीच्या मुठी आपोआप आवळल्या. आईला जाऊन तेरा दिवसही झाले नव्हते... हारातली फुलं अजून पुरती सुकलीही नव्हती!

"नीट बघा ताई," हवालदार म्हणाले. "दोन्ही सरकारांचं पुन्हा जुळतंय. राजदूत परत जायचेत, म्हणून इकडचे-तिकडचे कैदी सोडतायत. पण घरच्यांनी ओळखलं, त्याचंच नाव यादीत. हा तुमचा कोण?"

सहा वर्षांपूर्वीही असाच फोटो आला होता. तिचे वडील, सहादू, पेठच्या डोंगरातून गुजरातच्या बंदरावर खलाशी म्हणून जात. त्या खेपेला बोटीने समुद्रातली न दिसणारी हद्द ओलांडली आणि सगळे शेजारच्या देशाच्या तुरुंगात पडले. पण निघायच्या आदल्याच दिवशी त्यांनी मुसळाने आईचा, सुलाबाईचा, उजवा हात फोडला होता! कातडी फाडून वर आलेलं हाड सृष्टीने स्वतःच्या ओढणीने बांधलं होतं. तीन महिन्यांनी फोटो आला, तेव्हा आईची बोटं अजून मिटत नव्हती.

"हे माझे वडील नाहीत," सृष्टी म्हणाली होती आणि कागदावर सही केली होती. ओट्यापाशी आईच्या हातातलं पातेलं खाली पडलं... पण आई एक शब्द बोलली नाही.

बोलली ती शेवटच्या आजारात. "त्याच तुरुंगातल्या एका खलाशाच्या बायकोला मी निरोप सांगितला, तिच्या पत्रातून गेला त्याला. म्हनलं, मीच नाय म्हनले. तो आलाच कधी, तर मला मारू दे. तुझं नाव त्याच्या तोंडी नको. तू कबूल करायचं नाय, शपथ हाय माझी!"

त्याने जिला मारायचं, ती आता तसबिरीत होती.

"माझे वडील आहेत," सृष्टी म्हणाली.

महिन्याने नाशिकरोडला गाडीतून एक वाकलेला म्हातारा उतरला. उजव्या हाताची बोटं पिळलेल्या मुळांसारखी आखडलेली, कानामागे टाक्यांचा व्रण. रिक्षात ते एवढंच म्हणाले, "बोलणी जमली की आमची यादी व्हायची. फिसकटली की दारं लावून मारायचे... लोखंडी कांबीनं."

घरात शिरताच त्यांना तसबीर दिसली. ते भिंतीला टेकत खाली बसले.

"सुला गेली?... मला नाय म्हनली, ते बरंच केलं तिनं. मी काय मानूस व्हतो!"

आईने उभं केलेलं ते खोटं अजून तसंच उभं होतं, सृष्टीला फक्त गप्प राहायचं होतं! पण मेल्यावरही आईनेच का मार झेलायचा?

"आई नव्हती म्हणाली, बाबा," ती म्हणाली. "मी म्हणाले. ही सहा वर्षं तुम्ही जो मार खाल्लात, तो माझ्या सहीने खाल्लात!"

ते उठले. त्यांचा उजवा हात वर गेला आणि लहानपणीच्या सवयीने सृष्टीने कोपर चेहऱ्यापुढे धरलं... पण मूठ वळत नव्हती. हात तिच्या डोक्यावर उतरला.

"ठावं हाय मला. तिचं खोटं मोडू नये म्हनून मगाशी तिचं नाव घेतलं. वकिलातीतल्या साहेबानं त्या कागदाची नक्कल दिली व्हती. मला वाचता नाय येत, पोरी... पर तुझी आई अंगठा लावायची. कागदावर सही व्हती."

खिशातून त्यांनी घड्या विरलेला कागद काढला. "लय राग आला तवा. फाडणार व्हतो. मग निरोप आला तिचा. तुझ्यापायी खोटं बोलली... तिच्या हातावर घातलेला घाव दिसला मला, त्या दिवशी. मग सगळ्यांना दाखवायचो हा कागद. म्हनायचो, माझ्या पोरीनं केली ही सही, कुनाच्या धाकानं नाय केली."

सृष्टीने ताट वाढलं. सहादूंनी भाकरी तोडायचा प्रयत्न केला. बोटं घसरली, भाकरी ताटाबाहेर गेली.

तिने ताट जवळ ओढलं आणि एकेक तुकडा मोडून वरणात टाकू लागली. हात फुटल्यावर आईलाही वर्षभर तिनेच अशी भाकरी मोडून दिली होती.