शून्याचा रकाना

निरंजनने बशीत चहा ओतला आणि तो ओततच राहिला. बशी भरली, चहा टेबलावर आला, तिथून शलाकाच्या ऑफिसच्या कागदांवर. त्याचे डोळे उघडे होते, पण नजर कुठेच नव्हती. दहा-पंधरा सेकंदांनी तो भानावर आला.

"अगं, हे कुणी सांडलं?"

शलाकाने त्याच्या हातातला कप काढून घेतला.

दोन वर्षांपूर्वी तिच्या या भावाच्या कानामागे तांदळाच्या दाण्याएवढा 'शमक' बसवला होता. फिट येण्याआधी मेंदूत विजेची जी खळबळ सुरू होते, ती ओळखून शमक तिथल्या तिथे शांत करायचा. तेव्हापासून एकही फिट नाही. ज्याच्या हाती कुणी सायकल द्यायला धजत नव्हतं, तो पस्तिशीतला निरंजन आता भोसरीच्या कारखान्यात लेथवर उभा राहायचा आणि डब्यात दुधी दिला म्हणून बहिणीशी तावातावाने भांडायचा.

"असं आधी झालंय?"

"दोनदा. एकदा लेथवर. कुणाला कळलं नाही." त्याचा आवाज खाली गेला. "ताई, तू लिहिणार नाहीस ना?"

शलाका विमा कंपनीत नव्या तंत्रज्ञानाची जोखीम तोलायची. जुन्या यंत्रांचं बरं असतं. हजारो अपघातांची नोंद हाताशी असते, त्यावरून हप्ता ठरतो. शमकाला भूतकाळच नव्हता. म्हणून तिनेच नियम लिहिला आणि बैठकीत शाबासकीही मिळवली: एकही घटना नसेल तोवर विमा चालू, कुणा एकालाही झाली तर सगळ्यांचाच रद्द. विम्याशिवाय कुठलंही रुग्णालय शमकाला हात लावणार नव्हतं, आणि दर सहा महिन्यांनी तिथे जुळवून घेतला नाही, तर तो बंद पडायचा.

"शमक बसवलेल्या तीनशे बारा जणांचा बंद पडेल," निरंजन म्हणाला.

"आणि तुझा हात लेथमध्ये गेला तर?"

"घरी बसवलंस तर त्या हाताचं मी करू काय?"

तिने चहाने भिजलेले कागद पुसायला घेतले. सहामाही अर्जांची यादी होती ती. 'घटना' या रकान्यात तीनशे बारा शून्यं. कालपर्यंत तिला त्यांचा अभिमान होता. इतक्या माणसांत एकाला चक्कर नाही, एकाच्या हातून भांडं निसटलेलं नाही? माणसं अशी नसतात. निरंजनपुढेही शून्यच होतं, आणि त्याच्या अर्जावर घरातली साक्षीदार म्हणून तिने सही केली होती. त्याला एका शब्दाने न विचारता.

सगळ्यांनी खरं लिहिलं असतं, तर हप्ता ठरवण्याइतकी माहिती जमली असती, कदाचित शमकाची खोडही सापडली असती. पण जो पहिल्यांदा बोलेल, तो सगळ्यांचंच दार बंद करणार होता. हे दार आपणच बसवलं, या विचाराने तिला स्वतःची लाज वाटली.

निरंजन दारात बुटाचे बंद बांधत होता. आज त्याची दुसरी पाळी होती. बाहेर रिक्षा येऊन थांबली. त्याने डबा उचलला, पण पाऊल टाकलं नाही.

"ताई, जाऊ ना?"