मचाणावरचा चौथा

ज्योतीराम त्या संध्याकाळी घरून निघाला तो फक्त बॅटरी आणायला. निगडीहून सायकलवर मोशी गाठायची, दत्तोबाची मोठी बॅटरी घ्यायची आणि परत यायचं. हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्या पोरांनो, पुढं जमायचं नाही. ज्योतीराम माझ्या शेजारच्या लेथवर कामाला होता, आणि गोष्ट रचून सांगण्याइतकं डोकं त्याला देवानं दिलंच नव्हतं.

अठ्ठ्याहत्तर साल. बुद्धपौर्णिमेच्या आधीचा शुक्रवार. दुसऱ्या दिवशी ज्योतीराम, दत्तोबा आणि भीमराज ताडोबाच्या जंगलात वाघ बघायला निघणार होते. भीमराज पिंपरीचा, त्याचा मेव्हणा तिकडं वनरक्षक. पौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावरच्या मचाणावर बसायची परवानगी त्यानंच काढून दिलेली. चार जणांची.

चौथा साहेबराव. खरं तर तोच पहिला, कारण ही सहल त्याच्या डोक्यातून निघालेली. डबा खाताना दुसरा विषय नाही. गाडी कुठली, उतरायचं कुठं, मचाणावर विडी का ओढायची नाही. वाटेतली स्टेशनं त्याला पाढ्यासारखी पाठ. आम्ही चेष्टा करायचो, की मोशीच्या ओढ्यात कोल्हा दिसला तरी तू झाडावर चढशील. तो म्हणायचा, चढंन की, पन बघंन. मे लागला आणि नाशिक रस्त्यावर ट्रकनं त्याला उडवला.

दहाव्याला ज्योतीराम जाऊ शकला नाही. मशीन बिघडलं होतं, फोरमननं सोडलं नाही. ते त्याच्या मनाला फार लागलं. दत्तोबा गेला होता. कावळा काही पिंडाला शिवेना. भावांनी बायकापोरांना सांभाळायचा शब्द दिला, थोरल्याला कंपनीत लावायचं कबूल झालं, तरी कावळे झाडावरून नुसते बघत राहिले. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. जंगलाचं कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

सहल रद्दच व्हायची. पण साहेबरावाची बायको सरूबाई स्वतः म्हणाली, जावा, त्यांचा जीव होता त्यात. मग ज्योतीरामाच्या घरी त्याच्या बायकोनं, यशोदाबाईनं मोडता घातला. तीन तिगाडा, काम बिगाडा. तिघांनी निघायचं असेल तर वाटेतला एक खडा बरोबर घ्यायचा, तो चौथा समजायचा. आपल्याकडं करतातच तसं.

तर मोशीत बॅटरी घेतल्यावर ज्योतीरामाला वाटलं, दहाव्याला आलो नाही, निदान घाटाला हात जोडावेत. सायकल वर रस्त्याला लावली आणि इंद्रायणीवर गेला. परत येतो तो पुढच्या चाकाला टेकून एक खडा. लिंबाएवढा, गुळगुळीत, मधून एक पांढरी रेघ. मघाशी तिथं होता की नव्हता, त्याला आठवेना. हाताला जरा तेलकट लागला. पण लेथवरच्या माणसाला तेलाचं काय कौतुक? सायकलचं वंगण असेल म्हणाला, बोटं पँटला पुसली आणि खडा खिशात टाकला.

रात्री पिशव्या भरून भिंतीशी ठेवल्या. खडा वर ठेवला. दिवा मालवला.

मध्यरात्र उलटली असेल. ज्योतीरामाला जाग आली. पाळण्यात पोर झोपलेलं. यशोदाबाई झोपलेली. पिशव्यांकडून कुणीतरी बोलत होतं. अगदी हळू. पाठांतर केल्यासारखं.

"दौंड... मनमाड... भुसावळ... अकोला..."

आवाज ओळखीचा होता. ज्योतीराम हलला नाही.

"वर्धा... चंद्रपूर..."

मग थांबलं. पुढचं आठवत नसल्यासारखं. आणि ज्योतीरामाच्या तोंडून आपसूक निघून गेलं, "मग मोहर्लीची एसटी."

"व्हय," अंधारातून आलं. "मग मोहर्ली."

यशोदाबाई उठून बसली. तिनं विचारलं, कुणाशी बोलताय?

पहाटे दत्तोबा आणि भीमराज आले. पिशवीवरचा खडा बघून दत्तोबा दारातच थबकला. त्यानं रेघेवर बोट ठेवलं आणि बोट नाकाशी नेलं. तिळाचं तेल.

"ह्यो साहेबरावाचा जीवखडा हाय," तो म्हणाला. "म्या सोता डोहात टाकलाय."

जीवखडा म्हणजे काय ते तुम्हा शहरातल्यांना सांगायला हवं. मेल्या माणसाचा जीव दहाव्यापर्यंत ज्या दगडात असतो म्हणतात, तो. दहाव्याला तेल-पाणी घालून नदीत सोडतात. सोडलेला परत येत नाही.

यशोदाबाईनं पोराला छातीशी धरलं. म्हणाली, आत्ताच्या आत्ता बाहेर काढा. दत्तोबाचंही तेच, पुन्हा सोडू आणि घरी बसू. ज्योतीराम दोन्हीकडून अडकला. न्यावा तर घरादाराची भीती, टाकावा तर साहेबराव कायमचा मध्येच राहिलेला. त्यानं भीमराजाकडं बघितलं.

"मी हे काही मानत नाही," भीमराज म्हणाला. "पण परवानगी चार जणांची आहे. माणूस आपला आहे. घ्या त्याला."

ज्योतीरामानं खडा उचलून खिशात घातला.

सोमवारी, पौर्णिमेच्या रात्री, तिघं मचाणावर एका बाजूला दाटीनं बसले. दुसरी बाजू मोकळी सोडली. तिथं खडा. चंद्र वर आला. खाली पाणी चमकत होतं.

सांबर ओरडलं. पुन्हा ओरडलं. मग गप्प.

वाघ आला. पाणी प्यायला. मान वर केली आणि मचाणाकडं बघितलं. या तिघांकडं नाही... मोकळ्या जागेकडं.

मचाणाचा तिकडचा बांबू करकरला. यांच्यापैकी कुणी हललं नव्हतं.

मग शिडी वाजली. एक पायरी. थांबून दुसरी. दत्तोबानं ज्योतीरामाचं मनगट घट्ट धरलं. खाली बघायची कुणाची छाती झाली नाही. ज्योतीरामानं कसंबसं विचारलं, "बघितलास का रे?"



उजाडलं तेव्हा खडा जागेवर नव्हता. भीमराजाचा मेव्हणा आला, जमीन बघून चिडला. रात्री खाली कोण उतरलं म्हणून विचारू लागला. तिघांच्या पायांत बूट होते. तो चिखलाकडं बोट दाखवत राहिला.

शिडीपासून पाण्यापर्यंत अनवाणी माणसाची पावलं गेली होती. पाण्याशी वाघाची पावलं. तिथून दोन्ही शेजारी शेजारी, सावकाश, बांबूच्या बेटात गेलेली. परत आलेलं एकही पाऊल नव्हतं.